शेंदराचे चार थर

पस्तीस सालच्या सुमारास मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कारकून होतो. ऊस ओढायला कारखान्यानं एक जुनं, बुटकं वाफेचं इंजिन विकत घेतलं होतं. आधी ते आठ वर्षं बारामतीकडे एका खडीच्या ठेकेदाराकडे राबलेलं. आमच्याकडे तीन हंगाम झाल्यावर मोठे मेस्त्री मला म्हणाले, "याच्यावर अजून भरवसा ठेवायचा का, ते ठरवायचंय. काय मोडलं, काय बदललं, कुठं धडकलं, सगळी कुंडली काढा." मला नसत्या चौकशांची खोड होतीच. आता तेच काम मिळालं म्हटल्यावर मी खूश झालो.

इंजिनाबरोबर ठेकेदाराचं दुरुस्तीचं बाड आलं होतं. कंदिलाची काच फुटली तरी त्यात टिपलेलं. अपघात एकच होता, ठेकेदाराकडच्या शेवटच्या दसऱ्याच्या थोडं आधी: पिंपळीजवळ रूळ ओलांडणाऱ्या बैलगाडीला धडक, एक बैल ठार, गाडीवानाचा पाय गेला. खाली तीन तुटक वाक्यं: ब्रेक शाबूत. काही बदलले नाही. ड्रायव्हरचा हलगर्जीपणा. फुटक्या काचेबद्दलही लिहिणारा माणूस इथंच एवढा मुका का झाला, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

त्या ड्रायव्हरला शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याच फाटकावर निशाण घेऊन उभे राहणारे आबा, तेच ते. इंजिन इकडे आलं म्हणून तेही मागोमाग आलेले. मी अपघाताचं विचारलं तेव्हा निशाण गुंडाळत ते सांगू लागले.

"मी ब्रेकचा दांडा वडला, तर मोकळाच हातात आला. खाली चाकापाशी तुटला आसंल, आसं ठेकेदाराच्या सायबाला सांगितलं. सायेब म्हनला, दांडा शाबूत हाय, तूच उशिरा वडलास. मला वाकून बगूबी दिलं न्हाय." मग आवाज खाली आला. "आता मलाबी तसंच वाटाया लागलंय. पिंपळीला भनीकडं जायचं तर त्या गाडीवानाचं घर चुकवून वड्यातनं जातो."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर उत्सुकता त्याहून जास्त होती.

खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी इंजिन धुवायचं आणि पुढच्या तुळईला अन् ब्रेकच्या दांड्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, ही ठेकेदाराकडे आबांनीच घातलेली रीत. इंजिनाबरोबर ती आमच्याकडेही आली. जुना शेंदूर काढायचा नाही, त्यावरच नवा चढवायचा. तुळईवरचं ते जाड पूट बघता बघता मला एकदम सुचलं: वर्षाला एक थर, आणि दोन थरांमध्ये वर्षभराच्या काजळीची काळी रेघ.

मी आबांना फाटकावरून बोलावून आणलं. "आबा, शेंदूर जरा खरवडू?"

"त्यो खरवडत नसत्यात."

"दांडा बदललेला असला तर तुळईपेक्षा कमी थर निघतील."

त्यांनी दांड्यावर हात ठेवला. "आन तेवढंच निगालं तर?"

तेवढेच निघाले तर त्यांच्या उरल्यासुरल्या आशेलाही मीच कुलूप लावणार होतो. शेवटी ते "खरवडा" म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

तुळईवर पटाशीनं आडवा छेद घेतला. अकरा थर. ठेकेदाराकडचे आठ दसरे आणि आमच्याकडचे तीन, बरोबर. मग दांडा. चार. पुन्हा मोजले, चारच. आमच्याकडचे तीन आणि ठेकेदाराकडचा शेवटचा एक, म्हणजे अपघातानंतरचा. आबांनी आपल्या हातानं लावलेले सात थर दांड्यावर नव्हतेच. ते तुटलेल्या दांड्याबरोबर गेले होते.

आबांनी नखानं रेघा स्वतः मोजल्या. खरवडलेल्या जागेला हात जोडले. मग दांड्यावरून निघालेली चार थरांची खपली माझ्याकडून मागून घेतली, कागदात बांधली आणि म्हणाले, "गाडीवानाला दावतो."

रविवारी ते पिंपळीला गेले. सोमवारी सकाळी मी फाटकावर हजर. तपास माझा, तेव्हा शाबासकीतही वाटा असेल असं वाटत होतं.

"त्यानं पुडी सोडलीबी न्हाय," आबा म्हणाले. "म्हनला, मला ठावं व्हतं. तू दोनी हातांनी दांडा वडत व्हतास, मी गाडीवरनं बगितलं. तू येशील तवा सांगावं म्हनून वाट बगत बसलो."

"मग त्यानं साहेबाला का नाही सांगितलं?"

"मीबी तेच म्हनलं. तर म्हनला, मला कुनी इचारलंच न्हाय."

मला माझीच लाज वाटली. बाड चाळलं, थर मोजले, पण ज्याचा पाय गेला तो माणूस बैलगाडीनं गाठता येईल इतक्या जवळ जिवंत बसलाय, त्याला जाऊन विचारावं हे मलाही सुचलं नव्हतं. कुंडलीत दांडा बदलल्याचं लिहिलं आणि सगळ्यात शेवटी गाडीवानाचं म्हणणं लिहिलं. खरं तर ते सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं.