जावयाची झडती

गेटवर बावीस वर्षं काढली की माणसाच्या चालीवरून त्याच्या खिशातलं कळतं, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. सिक्युरिटीतल्या सगळ्यांनाच ही फुशारकी जडते. माझी एका दुपारी कायमची उतरली.

परराज्यात, शहराबाहेर इच्छापोरच्या एका कारखान्यात मी गेटवरचा मुख्य होतो आणि माझा जावई आत वायरिंगच्या खात्यात कंत्राटी कामगार. नोकरी मीच लावून दिली होती. लेक त्याच शहरात कोसाडला, आम्ही नवरा-बायको गोडादऱ्याला. तिचं घर नीट चाललंय यातच आमचं सुख. अडचण एकच होती. पाळी सुटली की प्रत्येक कामगाराची झडती व्हायची, खांद्यापासून थेट घोट्यापर्यंत, आणि आमच्यात तर सासरा जावयाच्या पाया पडतो. त्या पायांपाशी वाकायचं ते नमस्काराला. तिथे चोरी शोधत हात कसा फिरवायचा? म्हणून तो आला की मी नुसती मान हलवायचो आणि तो निघून जायचा. रांगेतले लोक "जमाईराज को सलाम!" म्हणून हसायचे. मी डोळे वटारले की गप्प बसायचे. आपण नियम मोडतोय असं मला कधी वाटलंच नाही.

मग आतल्या तांब्याच्या पट्ट्या कमी व्हायला लागल्या. कोणीतरी त्या पोटरीला बांधून, मोज्यात दडवून नेतोय अशी खबर साहेबांना लागली. चारची पाळी सुटायच्या आधी ते स्वतः गेटवर येऊन उभे राहिले.

"आज काका खुद चेक करेंगे. एक भी छूटना नहीं चाहिए," ते म्हणाले. काका म्हणजे मी, पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. जमाईराजाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, एवढं मी तेव्हाच ओळखलं.

रांग लागली. मी एकेकाला तपासत होतो आणि नजर सारखी मागे जात होती. जावई आठवा होता. तो लंगडत होता.

डाव्या पायावर भार न देता, रांग पुढे सरकली की जपून एक पाऊल टाकत होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. सहाव्याचे खिसे चाचपताना मला लेक पिशवी घेऊन माहेरी आलेली दिसली, सातव्याच्या वेळी पोलिसांची गाडी. पकडला तर तिचा संसार मोडणार, सोडला तर माझी नोकरी जाणार. मला त्याचा राग आला, आणि त्याला इथे चिकटवणाऱ्या माझा त्याहून जास्त.

तो समोर आला. हात वर केले. खांदे, खिसे, कंबर, मांड्या झाल्या. गुडघ्यापाशी आलो आणि हात पुढे जाईना. साहेब दोन पावलांवर होते. त्यांना दिसू नये अशी मी पाठ वळवली, दोन्ही हात हवेतूनच खाली नेले आणि उठून म्हणालो, "जा पाव्हना."

तो गेला नाही.

"मामा, मना पाय तपासाना राह्यनात," तो म्हणाला. "दखी ल्या. बठ्ठासना समोर दखा."

आणि सगळ्यांसमोर गेटवरच्या स्टुलावर बसून त्याने पँट वर ओढली, मोजा काढला. घोट्याभोवती जुन्या साडीची पट्टी होती. तीही त्याने सोडली, सावकाश, एकेक वेढा. माझे कान तापले होते. शेवटच्या वेढ्याखाली आंबेहळदीचा लेप निघाला आणि टम्म सुजलेला घोटा. आदल्या दिवशी त्याची गाडी घसरली होती. आम्हाला काळजी नको म्हणून लेकीने कळवलं नव्हतं.

साहेबांनी मान डोलावली. मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसलो. तो हसला नाही. पट्टी गुंडाळून, बूट हातात घेऊन लंगडत बाहेर पडला. चोर त्या दिवशी सापडला नाहीच.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. चारचौघांत नवऱ्याची झडती घेतली म्हणून ती भांडणार, असं मी धरून चाललो होतो. साहेब उभे होते, ड्युटी म्हणजे ड्युटी, असं उत्तरही तयार ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

"आबा, तुमना हात गुडघाजोडे काबर थांबना?"

"मान म्हणून," मी म्हणालो. "जावयाचा पाय आहे तो."

"खरं सांगा. तुमले वाटनं ना, तठे काही ऱ्हाई?"

भरवसा असता तर मी बेधडक हात लावला असता. हे तिला कळलं होतं आणि तिच्या आधी त्याला. पलीकडे तो जवळच बसून ऐकत असणार. मला फक्त नाही म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

"बरं," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.