रद्द केलेले डाव

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी चौदा वर्षं बी मोजतो आहे. आलेल्या मालातून चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभरचे चार भाग करायचे, ओल्या कागदात गुंडाळून उबदार कपाटात ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी कागद उलगडून किती उगवले ते मोजायचं. चारही भागांचे आकडे जवळपास आले तर सरासरी धरायची. एका भागात नव्वद आणि दुसऱ्यात साठ असं काही निघालं, तर कुठंतरी हाताची चूक झाली असं समजून चाचणी रद्द करायची आणि पुन्हा लावायची. रद्द झालेला कागद मात्र फाडायचा नाही. कारण लिहून तो फायलीला मागं जोडायचा. हा नियम मला फार आवडायचा. आकड्याला पक्का माणूस म्हणून कंपनीत माझं नाव होतं आणि त्याचा मला माजही होता.

मोबाईलवरचा पैशाचा पोकर मला आमच्या स्टोअरकीपरनं दाखवला. हा माझ्याच वयाचा, घरी उर्दू बोलणारा, डबा खाताना सगळ्यांची टिंगल करणारा गडी. महिनाभरात त्याचे दोन हजार गेले. एका दुपारी त्यानं सगळ्यांसमोर अ‍ॅप काढून टाकलं आणि हसत हसत भाजीचा डबा माझ्याकडं सरकवला. मला तो अडाणी वाटला. दोन हजार कसे गेले, किती तासांत गेले, कोणत्या पत्त्यांवर गेले, काहीच त्यानं लिहून ठेवलं नव्हतं. मी दोनशे पानी वही आणली तेव्हा तो म्हणाला, “जुआ है भाई. कापी में लिखने से नौकरी थोडी होती.”

मी वहीत रकाने पाडले. तारीख, टेबल, नेलेले, आणलेले, तास, शिल्लक. भांडवल दहा हजार. एक-दोन रुपयांच्या पैजेचं सगळ्यात खालचं टेबल, तिथं एका वेळी दोनशेच न्यायचे, तीनदा हरलो की उठायचं. खेळायचं फक्त जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत आणि रविवारी दुपारी. बायको म्हणायची, दात कोरून कुठं पोट भरतं का. मी म्हणायचो, भरत नाही, पण किती भरलं ते आपल्याला दाण्यापर्यंत माहीत असतं.

पहिला डाव रद्द केला तो एसटीत. आम्ही हसनाबादला माझ्या गावी निघालो होतो. केदारखेड्याच्या अलीकडं हातात दोन राजे, म्हणजे भारी पत्ते, आले आणि रेंज गेली. रेंज आली तोवर दोनशे रुपये गेलेले. आता ह्यात माझ्या खेळाचा काय दोष? मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहिलं, ‘रेंज गेली. रद्द.’ पुढच्या पानांवरच्या रकान्यांत ते दोनशे धरले नाहीत. प्रयोगशाळेत केलं असतं तेच केलं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पुढं कारणं वाढली. पाहुणे आले. डोकं दुखत होतं. साहेब ओरडले होते. मग तीनदा हरल्यावर उठायचा नियम मोडून मी सातव्यांदा बसलो आणि चौदाशे घालवले, त्याचं कारण लिहिलं, ‘नियमाबाहेर खेळलो. रद्द.’ म्हणजे नियम पाळून जिंकलो तर ते खरं आणि नियम मोडून हरलो तर तो डावच झाला नाही. चौदा वर्षं बी मोजणाऱ्या माणसानं हे लिहिलं आणि त्याला काही वाटलं नाही. टेबलावरचे पैसे संपले की पगारातून भरायचो, तेही मागच्याच पानांवर. पुढची पानं वाचायला छान होती. दीड वर्षात महिन्याला साडेतीन हजारांची सरासरी पडत होती.

बायको तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करायची. पहाटे जायची, सकाळच्या दोनशे, संध्याकाळच्या दोनशे. पगार चार हजार. उजवा खांदा इतका धरला होता की वेणी घालताना ती मान वाकडी करून हाताशी न्यायची. एका रविवारी तिनं वही मागितली. दहावीपर्यंत शिकलेली आहे, बोट ठेवून एकेक ओळ वाचते. महिन्याच्या बेरजा तिनं दोनदा पाहिल्या.

“हे बराबर आहे ना?” तिनं विचारलं. “मंग मी काम सोडू का? माझा खांदा आता न्हाई ऐकत.”

मी सोड म्हणालो. वही उलटून दाखवायला एवढासा वेळ लागला असता. पण तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला फार दिवसांनी माझ्यामुळं दिसत होतं, आणि ते मला हवं होतं. तोपर्यंत मी स्वतःला फसवत होतो. त्या रविवारपासून तिला फसवायला लागलो.

तिनं महिना भरल्यावर काम सोडलं. मी दर महिन्याला साडेतीन हजार तिच्या हातात द्यायचो, ‘खेळातले’ म्हणून. ते आधी ओव्हरटाइमचे होते, मग कंपनीतून घेतलेल्या उचलीचे. देवापुढं ठेवून मगच ती डब्यात टाकायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी बाहेर जाऊन गाडी पुसायचो. एकदा तिनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, की आमच्याकडं खेळतात, पण जुगाऱ्यासारखं न्हाई, लिहून खेळतात.

मग सरकारनं पैशाचे असले खेळच बंद केले. खात्यातली शिल्लक काढून घ्या, असा निरोप मोबाईलवर आला. बायकोला हे टीव्हीवरून आधीच कळलं होतं. ती खुशीत होती. बंद झालं ते बरंच झालं, म्हणाली, आता सगळे काढा, घरूनच पोळी-भाजीचे डबे सुरू करते, आपल्या सोयीनं, खांद्याला झेपतील तेवढेच. वहीच्या पुढच्या पानांवर शेवटच्या ओळीत शिल्लक होती त्र्याहत्तर हजार तीनशे. बँकेत आले नऊशे चाळीस.

तिनं मेसेज वाचला, बाकीचे कधी येणार म्हणून विचारलं. मी बाकीचे नाहीत म्हणालो. अ‍ॅपवाल्यांनी बुडवले का, असं तिनं विचारलं. तेवढं हो म्हटलं असतं तर सुटलो असतो, आणि क्षणभर ते ओठावर आलंही होतं. मी वही उलटी करून तिच्या मांडीवर ठेवली.

मागची पानं पुढच्यांपेक्षा जास्त भरली होती. मी स्वतःच बेरीज करून तिला सांगितली. दोन्ही बाजू मिळून मी एक लाख सहा हजारांनी खाली होतो. सुरुवातीपासून, जवळजवळ प्रत्येक महिन्यात. हा आकडा मीही त्या दिवशीच पहिल्यांदा काढला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. वही मिटून फळीवर ठेवली आणि भात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहावर गेली. तिथल्या बाईंनी चहा पाजला आणि जागा कधीच भरली म्हणून सांगितलं. कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर ती जिनिंगच्या कारखान्यात लागली. अजूनही जाते. तिथं कापसाची गाठोडी ओढावी लागतात, नाकातोंडात बारीक धूळ जाते, आणि पोळ्यांपेक्षा खांदा जास्त दुखतो. माझी लाज वाटते का म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “लाज न्हाई वाटत. भीती वाटते. आता तुम्ही बराबर बोलले तरी मला कळत न्हाई.”

पण मला सांगायची आहे ती वसतिगृहावरून ती परत आली त्याच दिवसाची संध्याकाळ. दारातच बसली. फळीवरून वही मागून घेतली आणि मागची पानं वाचायला लागली. आदल्या दिवशी तिनं नुसती बेरीज ऐकली होती. आता कारणं वाचत होती, बोट ठेवून. मी समोर उभा होतो. कुठं जावं ते सुचत नव्हतं. पाहुणे आले, रद्द. लाइट गेली, रद्द. एका ओळीवर तिचं बोट थांबलं ते हललंच नाही.

मी वाकून पाहिलं. तिथं माझ्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘हिला ताप. दवाखान्यात बसून खेळलो, मन लागलं नाही. रद्द.’ पुढं आकडा अठराशे.

दोन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला होता. पाच दिवस ती सलाइनवर होती.

“तुम्ही सारखे मोबाईलमधी होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्या माहेरी कळवून राह्यले.”

मी वही घ्यायला हात पुढं केला, तिनं बोट उचललं नाही.

“कोणीच आलं न्हाई. मला वाटलं, कळवूनबी आई आली न्हाई. मी त्या दिवाळीला गेले न्हाई. आजपर्यंत तिच्याशी धड बोलले न्हाई मी. ती रडली फोनवर, तरी न्हाई बोलले.” तिनं वर पाहिलं. “तुम्ही कळवलंच न्हवतं का?”

नव्हतं कळवलं. त्या पाच दिवसांत कोणालाच नाही. कळवतो, आता हा डाव झाला की कळवतो, असं म्हणत राहिलो, आणि ती बरी झाल्यावर कळवायचं कारणच उरलं नाही. हे मी तिला सांगितलं. सांगताना वाटलं होतं की आता तरी ती ओरडेल.

तिनं पदराला हात पुसले, स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. “सांगा तिला,” म्हणाली. “माझ्यासमोर सांगा.”

पलीकडं सासूबाईंनी फोन उचलला. लेकीचा नंबर पाहून त्यांचा आवाज एकदम हलका झाला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “बाई, तूच हाय ना? राग गेला का गं तुझा?”