नेहा, त्यांना सांगा

वंदनाताईंबरोबर काम करायचं म्हणजे किस्से गोळा करायला वेगळे कष्ट पडत नाहीत. कंपन्यांच्या साहेबलोकांना एका खोलीत बसवून एकमतापर्यंत आणणं हा त्यांचा व्यवसाय, आणि भिंतीवर चार्ट चिकटवणं हा माझा. चार्ट संध्याकाळी रद्दीत जातात, किस्से मात्र साठत राहतात. त्यातले हे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका कंपनीचे.

कंपनी रसवंतीचे चरक बनवते. मालक दोघं. कसबा पेठेतले जोगळेकर विक्री बघतात, मांजरीचे बनकर कारखाना. जोगळेकरांना दुसरा कारखाना टाकायचा होता, बनकरांना नको होता. त्यावरून वर्षभर अबोला. ताईंसमोरची मीटिंगही फसली तर सोमवारी वकिलाकडे जाऊन वाटण्या करायच्या, हेही ठरलेलं.

*

पहिला फोन जोगळेकरांचा. "आमच्यात मतभेद वगैरे नाहीत. बनकर चुकतायत, एवढंच. आपण तासाभरात त्यांना अलाइन करून द्याल का?"

ताई म्हणाल्या, "अहो, तासाभरात तर आमचा चहा होतो. अख्खा दिवस द्या. आणि तुम्हीही या."

*

ताईंनी मुद्दाम हिंजवडीचं हॉटेल निवडलं, दोघांनाही सारखंच परकं. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून सारखेच उशिरा आले आणि ट्रॅफिकला सारख्याच शिव्या घातल्या.

ताई माझ्या कानात म्हणाल्या, "एका मुद्द्यावर एकमत झालं बघा."

*

नेहा त्यांची जनरल मॅनेजर, मूळची अमरावतीची. तिची खुर्ची दोघांच्या मधोमध. जोगळेकर म्हणायचे, "नेहा, त्यांना सांगा, बाजार वाढतोय." हातभर अंतरावरून बनकर म्हणायचे, "नेहा, त्यांना सांगा, ऐकू आलंय मला."

ताईंनी गोड आवाजात नेहाला बाहेर बसायला सांगितलं. मग खोलीत नुसती शांतता. मी घामाघूम, ताई निवांत. असं गप्प बसायला छाती लागते, मला अजून जमत नाही. शेवटी बनकर बोलले, "एसी जरा कमी करा की, जोगळेकर."

जोगळेकर उठले आणि त्यांनी एसी कमी केला. वर्षातलं पहिलं थेट वाक्य ते!

*

मग जोगळेकरांनी ताईंनाच घेरलं. "आपण एवढ्या कंपन्या बघता. आपलं मत काय?"

"मत मी घरी ठेवून येते," ताई म्हणाल्या. "तिथंही कोणी विचारत नाही."

बनकर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाण्याचा ग्लास जोगळेकरांनी पुढे केला.

*

दुपारी ताईंनी आपला नेहमीचा नियम लावला. आधी समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं, आणि तो 'बरोबर' म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही.

जोगळेकरांनी सुरुवात केली. "बनकरांना बदल नको."

"न्हाई," बनकर म्हणाले.

"बनकर जोखमीला घाबरतात."

"न्हाई."

 मग जोगळेकर हळू आवाजात म्हणाले, "ऐन उन्हाळ्यात चरक बंद पडला की रसवंतीवाला यांना फोन करतो, मला नाही. दुसरा कारखाना झाला तर एवढे फोन घेणार कोण, ही यांची काळजी आहे."

"बराबर," बनकर म्हणाले. "आता जोगळेकरांचं सांगतो. आपल्या दोघांच्या माघारी बी कंपनी चालावी, असं त्यांना वाटतंय. एका कारखान्यावर ती टिकायची न्हाई."

जोगळेकरांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर."



"आता स्वतःचं बोला," ताई म्हणाल्या.

"टाकू कारखाना," बनकर म्हणाले.

"छे, आधी दुरुस्तीची माणसं नेमू," जोगळेकर म्हणाले.

"अवो, पण जागा आत्ताच बघाय लागंल."

"जागा कुठे पळून जात नाही, बनकर."

आणि जी जुंपली म्हणता! खुर्च्या ओढून अगदी समोरासमोर. मी चार्टवर लिहायला उठलो, तर ताईंनी हातानंच मला खाली बसवलं.

तेवढ्यात सकाळपासून बाहेर बसलेल्या नेहानं दार किलकिलं केलं आणि भीतभीत विचारलं, "सर, सोमवारची वकिलांची वेळ कन्फर्म करू का?"

दोघंही एकदम वळले.

"नेहा, मध्ये बोलू नका."