दोनशे साडेआठ अंश

एकोणीसशे छप्पन सालच्या डिसेंबरात, एका बुधवारी दुपारी, चिंचवडच्या आमच्या शाळेत पाणी फॅरनहाइटच्या दोनशे साडेआठ अंशांवर उकळलं. पुस्तकात दोनशे बारा छापलेलं होतं.

प्रयोग मॅट्रिकच्या वर्गाचा होता. वर्गात आम्ही अठरा जण, त्यांत मुली तीन. प्रयोगशाळा म्हणजे मागच्या भिंतीशी एक कुलपाचं कपाट आणि एक लांब टेबल. कपाटात काचेचे दोन चंबू, काही लोहचुंबक, एक तराजू आणि महिन्यापूर्वी पुण्याहून आणलेला थर्मामीटर होता. त्याआधी शाळेत थर्मामीटर नव्हता. शास्त्राचे सर फळ्यावर त्याची आकृती काढत आणि पारा कसा चढतो ते खडूने दाखवत. खडूचा पारा दर वर्षी दोनशे बारावर थांबत असे.

आदल्या दिवशी सरांनी सांगितलं होतं की उष्णता वेगळी आणि उष्णतामान वेगळं. पाणी तापत असतं तोवर दिलेली उष्णता पारा चढवते. पाणी उकळायला लागलं की पुढची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि पारा जागचा हलत नाही. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं होतं.

बुधवारी स्टोव्हवर चंबू ठेवला. दर मिनिटाला पारा वाचायचं काम माझ्याकडे होतं. एकशे नव्वद, दोनशे, दोनशे सहा. पाणी खळखळायला लागलं. पारा दोनशे आठ आणि दोनशे नऊ यांच्या मधोमध थांबला.

"चढेल अजून, थांबा," मागून एक मुलगा म्हणाला.

"दम लागला वाटतं त्याला."

"पंप मार रे स्टोव्हला."

पंप मारला. ज्योत फुरफुरली, पाणी चंबूच्या गळ्यापर्यंत उसळलं. पारा होता तिथेच राहिला. आणखी पंप मारला. दहा मिनिटांत चंबूतलं पाणी निम्म्यावर आलं, टेबलाशी उभे असलेले सगळे वाफेने भिजले. आदल्या दिवशीचा धडा डोळ्यांसमोर खरा होत होता आणि आम्ही त्याच्याविरुद्ध पंप मारत होतो.

तास संपला. सतरा वह्यांत दोनशे बारा लिहिलं गेलं. शेजारची मुलगी माझ्या वहीत डोकावली.

"अगं, पुस्तकात बघ की."

"मी थर्मामीटरमध्ये बघितलं."

"मग बस बघत," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

गुरुवारी सरांनी वह्या तपासल्या. माझ्या वहीपाशी ते थांबले. मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतः पाणी ठेवलं, थर्मामीटर पाण्यात न बुडवता वाफेत धरला, चष्मा पुसून दोनदा वाचलं. दोनशे साडेआठ. थर्मामीटरमध्ये दोष आहे, एवढं त्यांनी हेडमास्तरांना कळवलं.

दोष दोनच ठिकाणी लागू शकत होता, दुकानात किंवा वाटेत. दुकानाने तपासून दिल्याची चिठ्ठी पेटीत होती. वाटेत तो आमच्या शिपायाच्या हातात होता.

शिपायाला आम्ही मामा म्हणत असू. ते चऱ्होलीचे, वय पन्नाशीच्या आसपास. गावाहून रोज चालत येत. शाळेत त्यांना तीन वर्षं झाली होती, पण नेमणूक हंगामी होती. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या मंडळाची बैठक होती. मामांना कायम करायचं की दुसरा माणूस घ्यायचा, ते तिथे ठरणार होतं. हे साऱ्या शाळेला माहीत होतं, कारण मामाच ते सगळ्यांना सांगत. त्यांच्या घरात नोकरी अशी ही एकच होती.

शुक्रवारी हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. आमच्या वर्गाची खिडकी त्या खोलीला लागून होती. शब्दन् शब्द ऐकू आला.

"वाटेत पडला होता का?"

"न्हाई जी."

"कुठे धक्का?"

"पटक्यात गुंडाळून डोईवर आणला, सायेब. टेसनापास्नं चालत आलो. यष्टीत बसलो न्हाई, हिसका बसंल म्हणून."

"मग तो चुकीचा का दाखवतो?"

"ते मला कसं कळावं? मला त्यातलं वाचता येत न्हाई."

हेडमास्तर म्हणाले, "बैठकीत मला हे सांगावं लागेल. शाळेची वस्तू आहे."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मामा पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. मला त्यांनी हाक मारली.

"पोरी, एक सांगू?"

"सांगा ना मामा."

"समद्यांनी दोनशे बारा लिवलं. तूबी लिव्ह की. एका आकड्यानं कुणाचं काय जातंय?"

"आता सरांनीही बघितलंय, मामा."

"सर सरांचं बघतील. पोरीनं घाईत वाचलं म्हणायचं. मिटलं."

मी विचारलं, "मामा, तुमच्या हातून खरंच पडला नाही ना?"

"आता तूबी इचारतीस व्हय?" ते म्हणाले आणि बादली उचलून गेले.

घरी आल्यावर मी वही काढली, रबराने दोनशे साडेआठ खोडलं आणि दोनशे बारा लिहिलं. कागदावर जुन्या आकड्याचा वण राहिला.

आम्ही मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, समुद्रकाठच्या गावचे. वडिलांना पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात काम लागलं म्हणून दोन वर्षांपूर्वी चिंचवडला आलो होतो. रविवारी सकाळी आई वालाची उसळ करत होती. ताटली उचलून तिने एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि परत टाकला.

"घाटावर आल्यापासून मेले वाल शिजता शिजत नाहीत. आपल्याकडे एवढ्या वेळात त्यांचं पीठ झालं असतं."

"पाणी जड आहे इथलं," वडील वर्तमानपत्रातून म्हणाले. हे उत्तर ते दर रविवारी देत.

"पाणी जडबिड काही नाही. उकळतं लवकर आणि शिजवत नाही. नुसतं उड्या मारतं."

हे मी दोन वर्षं ऐकत आले होते आणि घरापासून लांब आलेल्या बाईची कुरकुर समजत होते. त्या दिवशी मी तिला विचारलं, "लवकर उकळतं म्हणजे?"

"म्हणजे लवकर उकळतं. तू काय इन्स्पेक्टर आहेस?"

गाव सोडून आलो तो प्रवास मला आठवत होता. कर्जतला आमच्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लावलं होतं. धाकटा भाऊ ते बघायला खिडकीतून इतका बाहेर वाकला की वडिलांनी त्याला सदऱ्याला धरून आत ओढला. मागचं इंजिन ढकलत होतं, पुढचं ओढत होतं आणि गाडी खंडाळ्यापर्यंत चढतच होती. लोणावळ्यानंतर ती उतरली, पण चढली होती तेवढी उतरली नाही.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी सरांना गाठलं.

"सर, उंचावर पाणी कमी अंशांवर उकळतं, असं तुम्ही शिकवलंत."

"हो. हवेचा दाब कमी असतो म्हणून. डोंगरावर."

"आपण उंचावर आहोत का, सर?"

सर हसले. "आपण कुठे डोंगरावर आहोत?" त्यांनी खिडकीबाहेर हात केला. पश्चिमेला डोंगरांची रांग दिसत होती. सर याच भागातले. त्यांचं सारं आयुष्य त्या डोंगरांकडे खालून बघण्यात गेलं होतं. धड्यातही त्यांनी किल्ल्याचं उदाहरण घेतलं होतं. किल्ल्यावर पाणी लवकर उकळतं, पायथ्याच्या गावात नाही. पायथा म्हणजे आम्ही.

मी त्यांना आईचे वाल सांगितले आणि कर्जतचं इंजिन सांगितलं.

"आई या गावाला काय म्हणते?"

"घाटावर म्हणते, सर."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी मामांना हाक मारली आणि पहिला तास दुसऱ्या शिक्षकांकडे देऊन आम्हा दोघांना घेऊन स्टेशनवर आले.

फलाटाच्या टोकाला स्टेशनच्या नावाची मोठी पाटी होती. नावाखाली बारीक अक्षरांत स्टेशनची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती. सर पाटीसमोर उभे राहिले.

"ही पाटी व्हय?" मामा म्हणाले. "पुण्याला जाताना हिच्याच बुडाला बसून भाकर खातो की मी. मला वाटायचं, गाडीचा नंबर हाय."

आकडा अठराशे फुटांच्या बराच वर आणि एकोणीसशेच्या जरा आत होता. साधारण साडेपाचशे फुटांना एक अंश कमी, असा ठोकताळा सरांना पाठ होता. त्यांनी माझी वही मागितली आणि शेवटच्या पानावर भागाकार केला. साडेतीनला थोडं कमी आलं. दोनशे बारातून साडेतीन वजा केले. दोनशे साडेआठ. सरांनी वजाबाकी पुन्हा केली.

"म्हंजी?" मामांनी विचारलं.

"म्हणजे थर्मामीटर बरोबर आहे."

"आन् म्या?"

"तुम्हीही, मामा."

मामा पाटीखाली बसले. त्यांनी पटका काढून तोंड पुसलं.

"तीन दिस घास गोड लागला न्हाई," ते म्हणाले. मग त्यांना आठवण झाली. "पोरी, तू वहीत आता काय लिवलंयस?"

"दोनशे बारा."

"आगं, मग खोड की!"

सरांनी ते पान उघडलं. खोडलेल्या आकड्याचा वण त्यांना दिसला असणार. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. दुपारी शाळेत परतेपर्यंत मामा आमच्या दहा पावलं पुढे चालत होते.

हेडमास्तरांनी भागाकार नीट वाचला. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "पण उत्तर आधी माहीत असलं की हिशेब जमवता येतो. वस्तू तपासा."

म्हणणं रास्त होतं. त्याच संध्याकाळी सर गावातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचा ताप मोजायचा थर्मामीटर आणि शाळेचा थर्मामीटर एकाच कोमट पाण्याच्या भांड्यात धरले. "फार तापवू नका हं, तुमचा राहील आणि माझा फुटेल," डॉक्टर म्हणाले. दोन्ही पारे शंभराच्या रेघेवर थांबले.

उरली होती उकळत्या पाण्याची खात्री आणि ती समुद्रकाठीच होऊ शकत होती. नाताळच्या सुट्टीत सर मुंबईला बहिणीकडे जाणार होते. घर समुद्राला लागून होतं. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. ज्याने थर्मामीटर पुण्याहून आणला त्यानेच तो मुंबईला न्यावा आणि परत आणावा.

"पटक्यातच न्हेऊ का, सायेब?" मामांनी विचारलं.

"पटक्यातच न्या," हेडमास्तर म्हणाले.

दोघं चार दिवसांनी परत आले. सरांनी एक कागद आणला होता. त्यावर लिहिलं होतं: पाणी नळाचं, वेळ सकाळची, स्टोव्ह घरचा, पारा दोनशे बारा. खाली सरांची सही आणि मामांचा अंगठा होता. मामांनी ती हकिगत पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगितली. "पानी तसंच, थर्मामीटर त्योच. आमी खाली गेलो, तर त्यो वर गेला."

घरी मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मी दोन वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "तेव्हा कुणी स्टेशनवर गेलं नाही."

वडिलांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पाणी जड असल्याचं त्या दिवशी ते बोलले नाहीत.

सुट्टीनंतर सरांनी वर्गाकडून प्रयोग पुन्हा करून घेतला. या वेळी अठराही जणांनी एकेक करून टेबलापाशी येऊन पारा वाचला आणि वाचलेला आकडा लगेच स्वतःच्या हाताने लिहिला. स्टोव्हला जादा पंप कोणी मारला नाही. सरांनी त्या दिवशी सगळ्या वह्यांवर सह्या केल्या.

मंडळाची बैठक ठरल्याप्रमाणे जानेवारीच्या पहिल्या शनिवारी झाली. हेडमास्तरांनी मुंबईचा कागद तिथे वाचून दाखवला. सोमवारी प्रार्थनेनंतर मामांना कायम केल्याचं पत्र मिळालं. ते त्यांनी मला वाचायला दिलं, मग सरांना, मग पुन्हा मला. कपाटाची किल्ली तोवर हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात असे. त्या आठवड्यापासून ती मामांकडे राहिली.

मी मार्चअखेर शाळा सोडली. तोपर्यंत थर्मामीटर शाबूत होता.