पिल्लाची वाटी

मांडणी आवरताना चेपलेली जर्मनची वाटी हाताला लागली आणि पारनेरच्या घरातली ती सकाळ आठवली. वडिलांनी पाळलेल्या मांजराच्या पिल्लाचं पोट टच्च फुगलं, म्हणून मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, "वाढतं पिल्लू आहे, दिवसातून चारदा थोडं थोडं द्या. तुम्ही फार घालताय." घरी येऊन मी हातपाय धुवेपर्यंत वडिलांनी त्याला या वाटीभर दूध-भाकरी चारलीसुद्धा. लगेच ते परत भाकरी कुस्करू लागले. "दादा, आत्ताच दिलंत ना?" "कवा? सकाळपासनं उपाशी हाय ते!" त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, म्हणूनच मी घाबरले. पिल्लू आठवड्यात बरं झालं. वडील मात्र आता जेवून हात पुसता पुसता विचारतात, "पोरी, जेवायला कवा वाढती?"