रिज़वी साहेबांचे थांबे

ट्रेडमिलवर रिज़वी साहेब चालत नव्हते, निसरड्या फरशीवरून जावं तसे पाय टेकवत होते. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला.

"दर्द हुआ?" मी विचारलं.

"जी, आपकी मेहरबानी है."

या उत्तराचं मी काय करू? मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडे दुखलं की माणूस दुखलं म्हणतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लखनऊच्या एका खाजगी हॉस्पिटलात व्हॅस्क्युलर लॅब माझ्याकडे होती. लॅब म्हणजे पायांच्या रक्तवाहिन्या तपासायची एक खोली आणि मी. रिज़वी साहेबांचं चौक बाजारात चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचं दुकान. चालताना त्यांचा उजवा खुबा मागून दुखायचा. आमचे मणक्याचे सर्जन डॉक्टर माथुर यांनी मंगळवारी पाठीचं ऑपरेशन ठरवलं होतं.

"सर, उससे पहले एक बार ऑक्सिजन देख लूँ?" मी विचारलं होतं.

"देख लो यार. पर पैर की नाड़ी बढ़िया है, एमआरआय में नस दबी है. और क्या चाहिए?"

साठीच्या माणसाचा एमआरआय काढला की काहीतरी दबलेलं निघतंच, हे सरांना कोण सांगणार? शिवाय नितंबाला रक्त नेणारी धमनी वरच, ओटीपोटात, वेगळी फुटते. ती अरुंद झाली तरी पावलाची नाडी छान लागते. मंगळवारी पाठ उघडली असती आणि दुखणं जिथल्या तिथे राहिलं असतं. मला त्याची धास्ती होती.

तपासणी साधी आहे. शर्टाच्या बटणाएवढे प्रोब असतात. एक छातीवर चिकटवायचा, एक नितंबावर. प्रोब कातडी ऊबदार करतो, मग आतला ऑक्सिजन कातडीपर्यंत येतो आणि मोजता येतो. चालताना छातीचा आकडा टिकला आणि नितंबाचा घसरला, तर तिथे रक्त कमी पडतंय. दुखणं मणक्याचं असेल तर आकडा सहसा जागचा हलत नाही.

कातडी गरम होईपर्यंत नुसतं बसायचं. मला हा वेळ फार आवडायचा. जानेवारीची दुपार होती, तरी धुकं उठलं नव्हतं. खिडकीबाहेरचा कडुलिंब अर्धाच दिसत होता. मशीन गुणगुणत होतं, आकडे सावकाश स्थिर होत होते, आणि आम्ही दोघं ते बघत बसलो होतो.

पण आता हे असे चालत होते आणि आकडा ढिम्म. मी पट्टा थांबवला.

"सुबह दुकान कैसे जाते हैं आप? वैसे ही चलिए. रास्ता बताते जाइए."

ते समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले. पट्टा सुरू झाला. हळूहळू दांड्यावरचे हात सैल पडले.

"ये हमारी गली है. बाएँ हाथ इत्रवाले हैं. आगे मक्खन-मलाईवाला, अभी ओस में बैठा है..."

आवाज संथ होता, पावलंही आता त्यांची स्वतःची होती. भिंतीवर मलाही गल्ली दिसायला लागली. अत्तराचा वासही आला म्हटलं तर तुम्ही हसाल. छातीचा आकडा जागेवर होता. नितंबाचा उतरत होता, उतरतच होता.

तेवढ्यात त्यांनी हात कपाळाशी नेला. "आदाब, हकीम साहब. तबीयत कैसी है?"

आणि पाय थांबले. मी घाईने स्विच दाबला. आकडा तळाला होता. ते उभे होते तसा तो पुन्हा वर चढला. परत चालवलं. जिल्दसाज़ाच्या, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्याच्या, दुकानाशी पुन्हा आदाब, आकडा पुन्हा तळाला. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आकडा बघून कळलं, आता कुणालातरी सलाम होणार. झाला.

मी प्रोब काढत होतो, तेव्हा ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "बूढ़ा आदमी रास्ते में खड़ा हो जाए तो लोग हाल पूछने लगते हैं. इससे अच्छा, मैं ही पूछ लूँ."

मी प्रोब पुसून डबीत ठेवले.

माथुर सरांनी रिपोर्ट बराच वेळ बघितला. "मंगल का ऑपरेशन रोक दो," म्हणाले. असं म्हणायला सर्जनला मन मोठं लागतं, हे कबूल करायला हवं. अँजिओग्राफीत धमनी अरुंद निघाली. फुगा घालून ती उघडली.

उन्हाळ्यात रिज़वी साहेब लॅबमध्ये आले, तरातरा चालत. चेहरा मात्र उतरलेला.

"फिर दर्द?" मी विचारलं.

"दर्द तो बिल्कुल नहीं. पर गली में लोग ख़फ़ा हैं. कहते हैं, इलाज के बाद रिज़वी साहब के मिज़ाज बदल गए, अब रुकते ही नहीं."

"फिर?"

"फिर क्या. अब बग़ैर दर्द के रुकता हूँ."

कुठे दुखतं ते पेशंट सांगेल किंवा सांगणार नाही. त्यानंतर मी प्रत्येकाला आधी एवढंच विचारत आलो, चालताना तुम्ही कुठे कुठे थांबता?