लहान मुठीची खुकरी

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. पडवीत चटई टाकून मी आडवी होते. डोळे मिटले तरी उन्हाचा लाल रंग आत येतच राहतो. खाली बागेत कुणीतरी आंब्याच्या पेट्या ठोकतंय. तो ठोकण्याचा आवाज लांब जातो, पुन्हा जवळ येतो. उशाशी ट्रंक आहे आणि ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, खुकरी आहे. ती तिथे आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

उद्या सकाळच्या एसटीने बिमला येणार आहे. म्हणजे स्वतःला बिमला म्हणवणारी कुणी मुलगी. वीस वर्षं आमची हापूसची बाग राखणारा नेपाळी खीमबहादूर माघात गेला. परवा हिचा फोन आला की मी त्यांची लेक, डेहराडूनला मामांकडे वाढले, बाबांचं सामान न्यायला येते. लेकीचं नाव खीमबहादूर दर वर्षी काढायचा, पण नेमकं सुट्टी मागायच्या वेळी, म्हणून मी ते कधी खरं धरलं नाही. फोनवर तिने कांबळं विचारलं, पेटी विचारली, आणि शेवटी हळूच खुकरी विचारली. मी म्हटलं, शोधावी लागेल. उद्या सांगणार आहे की सापडली नाही. हे वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलंय.

"वैनी, चाय हाय का?"

पायरीवर खीमबहादूर बसलाय. डोक्याला माकडटोपी, इतक्या उन्हातही.

"तू मेलास ना?" मी विचारते.

"मेलो तर," तो म्हणतो. सुट्टीवरून दोन दिवस उशिरा आल्यावर ओशाळायचा, तसाच ओशाळतो.

माझा स्वभाव संशयी आहे, मी नाकारत नाही. दूधवाल्यासमोरच मी दुधाचा वास घेऊन बघते. मेलेला माणूस नुसत्या चहासाठी इतक्या लांब येईल हे मला पटत नाही. लेक यायच्या आदल्या दिवशीच हा कसा उगवला? टेहळणीला आला असणार. मी हाताने ट्रंक हळूच जवळ ओढते. तो बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो, त्यामुळे माझा संशय आणखी वाढतो.

चहा ठेवायला मी आत वळते, तर आत आंब्याची आढी आहे. पेंढ्यावर ओळीने फळं लावलेली, कोपऱ्यात स्टोव्ह, स्टोव्हवर किटली. तो मागून चालत येतो आणि विचारतो, त्या खुकरीत तुम्हाला एवढं काय आवडलं.

हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, म्हणून मी सांगत सुटते. नैनीतालच्या सहलीत मी दुकानातली एक खुकरी घेतली होती, चकचकीत, मुठीला पितळी सिंहाचं तोंड. पहिल्याच फणसाला तिची मूठ खिळखिळी झाली. याची खुकरी तशी नाही. काळपट, पात्यावर हातोड्याचे ठोके अजून दिसतात आणि एक ठोका दुसऱ्यासारखा नाही. कुठल्यातरी ट्रकच्या स्प्रिंगपाट्याचं लोखंड, पण कुणीतरी अख्खा दिवस तिच्यापुढे बसून काढलाय हे हातात घेताच कळतं. वजन सगळं पुढे, पोटाकडे, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. आपण फक्त उचलायचं, पुढचं ती बघते. लोक म्हणायचे, ती म्यानाबाहेर आली की रक्त घेतल्याशिवाय परत जात नाही. मी ते त्याला विचारलं होतं तेव्हा तो हसत सुटला होता, मग आम्ही भोपळा कशाने चिरायचा म्हणाला होता. आणि मूठ! जन्मभर मी पुरुषांच्या मापाचे कोयते वापरले. ही तेवढी माझ्या हातात बसते.

"माझ्यासाठीच केल्यासारखी," मी म्हणते.

तो पेंढ्यावरचं एक फळ उचलून हुंगतो, परत ठेवतो.

मी किटली उचलून ओतते आणि चर्रर्र आवाज होतो. खाली कप नाही, लाल तापलेलं पातं आहे. किटली आता एका म्हाताऱ्या लोहाराच्या हातात आहे आणि तो फक्त धारेवर, अगदी बारीक, पाणी सोडतोय. बाहेर थंडी आहे, डोंगर आहेत, माझ्या पायात चपला नाहीत. लोहार मान वर न करता त्यांच्या भाषेत काहीतरी विचारतो. खीमबहादूर दोन बोटांमध्ये अंतर धरून माप दाखवतो. लहान हाताचं माप आहे ते. मी दुसरीकडे बघते.

"तू मला दिलीस ती," तो काही बोलायच्या आत मी म्हणते.

"मी पायरीवर ठेवली, वैनी. तुम्ही उचलली."

"आमच्यात सुरी-कोयता हातात देत नाहीत, भांडण होतं. एकाने खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. ठेवलीस म्हणजे दिलीसच."

"हे तुम्हीच शिकवलं. वीस वरीस कोयता, कात्री, सगळं तुमच्यापुढे खालीच ठेवलं. ते काय तुम्हाला देऊन टाकलं होतं?"

पिकअपचा हॉर्न वाजतो आणि आम्ही पुन्हा पायरीशी आहोत, पण सकाळ ती आहे, त्याला इस्पितळात नेलं ती. कांबळं पांघरून तो वाकतो, खुकरी पायरीवर ठेवतो, काहीतरी बोलतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतच राहतो. त्या दिवशी माझी नजर खुकरीवर होती. तो काय बोलला ते मी ऐकलंच नाही. खरं सांगायचं तर मला ऐकायचं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी चार घरी सांगून मोकळी झाले होते की बहादूर जाताना मला खुकरी देऊन गेला.

पिकअपचं दार लागत आलंय. त्याचं बोलणं पुन्हा राहून जाईल याची मला मनापासून भीती वाटते.

"परत बोल," मी म्हणते. या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघते. गालफडं बसलीत, ओठ सुकलेत. इतका वाळलेला माणूस मला त्या दिवशी दिसला कसा नाही?

"बिमलासाठी केली होती. गावाहून येताना वाटेत तिला देणार होतो, पण तुमचा फोन आला मोहोर धरला म्हणून, मग सरळ इकडे आलो. पुढच्या सुट्टीत देऊ म्हटलं. ती सुट्टी नाय झाली." तो थोडा थांबतो. "ती येईपर्यंत सांभाळा, एवढंच बोललो होतो."

मला रडू येतं. त्याला मात्र घाई आहे. तो खिशातून बाटली काढतो, माझा उजवा हात ओढून घेतो आणि तळव्यावर तेल ओततो. गंज धरलाय तिला, तो म्हणतो, ट्रंकेत कोंडलं की धरणारच. महिन्याला एकदा राईचं तेल लावायचं, मुठीकडून टोकाकडे, कधी उलटं नाही. त्याचा हात थंड नाही. कामाहून आलेल्या माणसाचा असतो तसाच आहे.

ठोकणं थांबलंय. ऊन पडवीच्या कडेपर्यंत सरकलंय. मी उठून आधी ट्रंकेचं कुलूप बघते. ते जसंच्या तसं आहे. मग केस मागे सारायला हात नेते आणि कपाळ ओशट होतं.

उजवा तळवा तेलाने माखलाय. लोणच्याचं असेल म्हणून मी आधी ताट आठवते, आज लोणचं वाढलंच नव्हतं. हुंगून बघते तर वास थेट नाकात चढतो. आमच्या घरात खोबरेल आहे आणि शेंगदाण्याचं आहे. तरी मी फडताळ उघडून एकेक बाटली हुंगते. राईचं तेल या घरात कधी आलेलंच नाही.

मी हात धूत नाही. डाव्या हाताने कुलूप काढते, खुकरी मांडीवर घेते, फोन लावते. पलीकडे गाडीचा घरघराट आहे. ती हॅलो म्हणते.

"बिमला, खुकरी हरवली नव्हती. माझ्याकडेच होती. मी लपवली होती."

मी बोलणी खायला तयार होऊन बसते. तिला मराठी कितपत कळलं असेल, असाही विचार मनात येतो.

"उसको तेल लगाया है ना, आंटी?" ती विचारते.

पात्यावर तांबूस ठिपके आहेत, मुठीपासून टोकापर्यंत.

"लावतेय," मी म्हणते, आणि तळवा मुठीकडून टोकाकडे नेते.